मार्किंगच्या फायबर लेझरवर सोलर सेलला फॉइल वेल्ड करायची पूर्ण पद्धत

बेळगावात उद्यमबाग असो, मच्छे असो नाहीतर होनगा, बऱ्याच शेडमध्ये आता एक फायबर लेझर मार्किंग मशीन असतंच, पार्टवर नंबर आणि लोगो मारायला घेतलेलं, आणि काम नसलं की झाकून ठेवलेलं. याच मशीनवर सिलिकॉन सोलर सेलला पातळ अॅल्युमिनियम फॉइल वेल्ड करता येते, सोल्डर नको, फ्लक्स नको, शिसं नको, आणि असे जोडलेले सेल लॅमिनेट करून, म्हणजे काच आणि प्लास्टिकच्या थरांत गरम दाबून, छोटं मॉड्यूल पण बनवता येतं. जर्मनीत आयएसएफएच संस्थेने 'अमेली' नावाने आणि फ्राउनहोफर आयएसईने 'फॉइलमेट' नावाने यावर बरीच वर्षं काम केलंय, म्हणजे ही काय हवेतली कल्पना नाही. पण आपल्याकडे कुणी करायला गेलं की पहिल्या दिवशी सगळं लक्ष लेझरच्या पॉवरवर जातं, टक्केवारी वर-खाली करत बसतात, आणि फॉइलला नुसती भोकं पडतात. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो, या कामात लेझर दुसऱ्या नंबरला, पहिल्या नंबरला फॉइल आणि सेल यांच्यातली फट. ती शून्य झाली की पॉवर थोडी चुकली तरी चालतंय, फट राहिली तर जगातलं कुठलंही मशीन आणा, जोड होणार नाही.

आणि एक खुलासा, गेट आणि एसएसची रेलिंग जोडायला जे १५०० वॅटचं हातात धरायचं लेझर वेल्डिंग मशीन आलंय ते या कामाचं नव्हे. सेलची जाडी साधारण १५० ते १८० मायक्रॉन, त्याच्यावर ते मशीन लावलं तर सेल उरणारच नाही.

सोल्डरिंग चालू असताना हे कशाला

नेहमीच्या पद्धतीत टिनचा थर दिलेली तांब्याची रिबन सेलच्या चांदीच्या बसबारवर, म्हणजे वीज गोळा करणाऱ्या जाड रेघेवर, ठेवतात आणि इस्त्रीने, गरम हवेने किंवा इन्फ्रारेडने तापवतात. टिन-शिशाचं सोल्डर १८३ अंशाला वितळायला लागतं, बिनशिशाचं २१७ च्या आसपास, म्हणजे प्रत्यक्षात सेल २०० च्या वर जातोच. आता गंमत थंड होताना आहे. तांबं एका अंशाला दर दहा लाखात १७ भाग आक्रसतं, सिलिकॉन फक्त २.६. १५६ मिलिमीटरचा सेल १६० अंश खाली आला तर तांबं ०.४२ मिमी आखडायला बघतं आणि सिलिकॉन ०.०७ मिमी पण नाही. रिबन आणि सेल तर एकमेकांना चिकटलेत, मग सेल वाकतो, आणि वाकताना कुठंतरी डोळ्याला न दिसणारी भेग पडते. सेल जितका पातळ होत चालला तितकं हे दुखणं वाढत चाललंय.

लेझर वेल्डिंगमध्ये एक पल्स, म्हणजे लेझरचा एक झटका, सेकंदाचा साधारण एक कोटीवा भाग टिकते, ४०-५० मायक्रॉनच्या ठिपक्यापुरतं अॅल्युमिनियम ६६० अंशाच्या वर जाऊन वितळतं आणि लगेच गोठतं, बाकीचा सेल हाताला गार लागतो. त्यामुळे ते आखडणं-वाकणं होत नाही. मागच्या बाजूला चांदीचे पॅड पण लागत नाहीत आणि चांदीचा भाव बघता ही लहान गोष्ट नव्हे.

पण सगळीकडे हेच वापरा असं मी म्हणणार नाही, कारण हिशोब तसं सांगत नाही. समजा १५६ मिमी लांबीच्या पुढच्या बसबारवर तांब्याच्या रिबनच्या जागी १.५ मिमी रुंद आणि १५ मायक्रॉन जाड फॉइलची पट्टी लावली, तर तिचा रोध जवळपास ०.१९ ओहम येतो. तीच तांब्याची ०.२ मिमी जाड रिबन असली तर ०.००९ ओहम. वीस पटीचा फरक आहे की. म्हणून पूर्ण आकाराच्या साध्या सेलला पुढून तांब्याची रिबनच पाहिजे आणि ती सोल्डरच केली पाहिजे. फॉइल तिथं शोभते जिथं वीज रुंद पट्ट्यातून थोडंसंच अंतर जाते, आणि अशी जागा म्हणजे शिंगल पद्धतीच्या पट्ट्या, एका पट्टीची कड दुसरीवर चढवून लावतात ती. तिथं फॉइल १५६ मिमी रुंद आणि वीज जाते जेमतेम ३ मिमी, रोध ०.०४ मिलिओहम, म्हणजे नसल्यासारखाच. पुढचं सगळं त्या पट्ट्या डोळ्यापुढं ठेवून लिहिलंय.

कुठला सेल घ्यायचा

सरावाला जुन्या पद्धतीचे एकाच बाजूने वीज करणारे सेल घ्या, बीएसएफ किंवा मोनोफेशियल पर्क, ज्यांची पाठ पूर्ण करड्या अॅल्युमिनियम पेस्टने भरलेली असते. आता बाजारात टॉपकॉन नावाचे नव्या पद्धतीचे सेल जास्त येतात आणि त्यांची पाठ पण पुढच्यासारखी निळी-काळी, वर बारीक चांदीच्या रेषा, तिथं फॉइल धरायला अॅल्युमिनियमचा थरच नाही. घेताना सेल उलटा करून बघा, पाठ करडी आणि खरखरीत असेल तर आपल्या कामाचा. तुटके, कोपरा उडालेले सेल स्वस्तात मिळाले तर तेच घ्या, पहिले बरेच सेल नुसते सेटिंग शोधण्यात जाणार आहेत.

मॉड्यूलसाठी तयार शिंगल पट्ट्या मिळतात, पुढच्या बाजूला एका लांब कडेला बसबार आणि मागच्या बाजूला त्याच्या समोरच्या कडेला पॅड. साधा सेल कापून पट्ट्या होतात, पण बसबार कडेला येत नाही, मग उपयोग नाही. पट्ट्या छापलेला अख्खा सेल आणला असेल तर कापताना मागच्या बाजूने लेझरची रेघ मारा, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत, आणि मग हाताने मोडा. पुढून रेघ मारली तर जंक्शन, म्हणजे पुढच्या बाजूचा वीज तयार करणारा पातळ थर, कापलं जातं, वितळलेलं सिलिकॉन दोन्ही बाजूंना जोडतं आणि तिथून वीज गळते.

डोळे आणि श्वास आधी

१०६४ नॅनोमीटरचा किरण डोळ्याला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून पापणी मिटत पण नाही, सरळ रेटिनावर जातो. २० वॅटचं मार्किंग मशीन हे चौथ्या वर्गाचं लेझर आहे, म्हणजे सगळ्यात वरचा धोक्याचा वर्ग. कास्टिंगवर मार्किंग करताना खरखरीत पृष्ठभागावरून उजेड विखरून जातो, इथं आपण चकचकीत फॉइलवर मारतोय, ती नव्वद टक्क्यांच्या वर उजेड परत फेकते आणि सुरकुती कुठल्या दिशेला असेल त्या दिशेला फेकते. म्हणून उघड्या फ्रेमच्या मशीनवर हे काम करू नका. चारी बाजूने पत्र्याची पेटी करा, दाराला स्विच लावा म्हणजे दार उघडलं की लेझर बंद, बघायची काच १०६४ साठीचीच घ्या. गॉगलवर १०६४ आणि ओडी (काच किती किरण अडवते तो आकडा) ६ किंवा जास्त छापलेलं असलं पाहिजे, वेल्डिंगचा काळा चष्मा किंवा साधा हिरवा गॉगल याला चालत नाही. पोराटोरांना, बघ्यांना शेडमध्ये उभं करू नका, मशीन कुणाचं पण असू दे.

दुसरं, प्रत्येक ठिपक्यातून अॅल्युमिनियमची अतिशय बारीक धूळ उडते. ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून जागेवर ओढणारा फिल्टरवाला सक्शन लावा, आणि साठलेली धूळ घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, बारीक अॅल्युमिनियम पेट घेतं, त्याला मोटरची ठिणगी पुरते. तुटक्या सेलचे कण काचेपेक्षा धारदार असतात, हातमोजे घालाच.

फॉइल

किराणा दुकानातली स्वयंपाकाची फॉइल सरावाला चालते, बहुतेक ती १० ते १८ मायक्रॉनमध्ये असते, पण डब्यावर लिहिलेल्या जाडीवर विसंबू नका, वजन करा. १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचा अचूक तुकडा कापा, सोनाराच्या काट्यावर ठेवा. अॅल्युमिनियमची घनता २.७, त्यामुळे दर १० मायक्रॉनला ०.२७ ग्रॅम येतात. ०.३० भरलं तर ११ मायक्रॉन, ०.४० भरलं तर १५. हुपरी-कोल्हापूरच्या बाजूला कुणी चांदीवाला ओळखीचा असला तर त्याच्याकडे मिलिग्रॅमचा काटा असतोच.

मला १० ते १५ मायक्रॉन पसंत आहे, आणि त्याला कारण आहे. पल्स १०० नॅनोसेकंदाची असली तर तेवढ्या वेळात अॅल्युमिनियममध्ये उष्णता साधारण ६ मायक्रॉन खोल जाते, २०० नॅनोसेकंदाला ९ मायक्रॉन. म्हणजे १२ मायक्रॉनच्या फॉइलला वितळ खालपर्यंत पोचायला १००-२०० नॅनोसेकंदाची पल्स बरोबर बसते. ३० मायक्रॉनची जाड फॉइल घेतली तर वरचं अॅल्युमिनियम उडून जातं आणि खालचं गारच राहतं. आणि मोपा मशीनवर, म्हणजे पल्सची लांबी बदलता येते त्या मशीनवर, पल्स २ नॅनोसेकंद केली तर उष्णता एक मायक्रॉन पण उतरत नाही, नुसती वरची साल उडते, ते मार्किंगला छान, जोडायला निकामी. साध्या क्यू-स्विच मशीनची पल्स १०० च्या आसपास ठरलेलीच असते, ती चालते. मोपा असेल तर २०० वर ठेवा.

फॉइलला रोलिंगचं तेल असतं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने बिनधाग्याच्या कपड्यावर पुसा, पूर्ण वाळू द्या. ओली ठेवून लेझर मारू नका, अल्कोहोल पेटतं.

फिक्स्चर, म्हणजे खरं काम

इथं घाई करू नका. सगळा खेळ इथंच जिंकायचा किंवा हरायचा आहे, आणि आपल्या बेळगावात फिक्स्चर करणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, त्याचा फायदा घ्या.

अॅल्युमिनियमची २० मिमी जाड प्लेट घ्या, वरची बाजू ग्राइंड किंवा लॅप करून पूर्ण सपाट करा, २० मायक्रॉनच्या आत. सेलच्या आकारापेक्षा कडेने ४-५ मिमी बाहेर चौफेर एक खाच मारा, ३ मिमी रुंद आणि ३ खोल, खाचेला खालून व्हॅक्यूमचं कनेक्शन. सेल मध्ये पालथा ठेवायचा, म्हणजे करडी पाठ वर, आणि फॉइल सेलपेक्षा मोठी कापून खाचेच्या पण बाहेर जाईल अशी वर अंथरायची. पंप चालू केला की फॉइलखालची हवा चारी बाजूने खाचेतून निघून जाते आणि बाहेरची हवाच फॉइलला सेलवर दाबते. वरून काचेने दाबायची गरज राहत नाही, आणि काच नसली की काचेवर धातूचे शिंतोडे उडून ती आंधळी व्हायचा पण प्रश्न मिटतो.

दाब किती, याचा अंदाज ठेवा. ०.५ बारचा व्हॅक्यूम म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो, १५६ मिमीच्या पूर्ण सेलवर मिळून सव्वाशे किलोच्या आसपास. सपाट प्लेटवर सेलला त्याचं काही वाटत नाही, पण खाली वाळूचा एक कण राहिला तर तिथंच तडा. म्हणून दर सेलआधी प्लेट पुसायची, सेलची खालची बाजू ब्रशने झाडायची. सुरुवातीला ०.२ बारच ठेवा, पुरतं. पंपाच्या लाइनला नॉनरिटर्न व्हॉल्व्ह आणि एक छोटी टाकी लावलेली बरी, वीज झटका देऊन गेली तरी फॉइल उचलत नाही.

फट बघायची सोपी तपासणी अशी: व्हॅक्यूम चालू असताना टॉर्च आडवी धरून फॉइलवरून फिरवा. सेलच्या पाठीचा खरखरीतपणा, चांदीच्या पॅडची कड, हे फॉइलमधून उठून दिसलं पाहिजे. गुळगुळीत चमकणारा फुगा कुठं दिसला तर तिथं हवा आहे, मऊ रबराचा रोलर मधून कडेकडे फिरवा. सुरकुतीवर लेझर मारायचा नाही, सुरकुती म्हणजे फटच.

फोकस आणि एनर्जी

एफ १६०, म्हणजे १६० मिमी फोकल लांबीची लेन्स असेल तर ठिपका ४० ते ५० मायक्रॉनचा धरा. नेहमीची फोकसची पट्टी वापरून झाली की बारीक शोधा: काळ्या अॅनोडाइज प्लेटवर कमी पॉवरने रेघ मारत टेबल दर ०.२ मिमी वर-खाली करा, सगळ्यात बारीक आणि स्वच्छ रेघ जिथं येते ते फोकस. फिक्स्चर वाकडं-तिरकं बसलंय का ते पण चारी कोपऱ्यात रेघ मारून बघा.

एनर्जीचा हिशोब सोपा आहे, सरासरी वॅट भागिले फ्रिक्वेन्सी. २० वॅट आणि २० किलोहर्ट्झ म्हणजे एका पल्सला १ मिलिज्यूल. त्यातल्या निम्म्यावर, ०.५ मिलिज्यूल, ४० मायक्रॉनच्या ठिपक्याला दर चौरस सेंटिमीटर ४० ज्यूल पडतात. हे फार वाटेल पण बहुतेक परत फेकलं जातं, १२ मायक्रॉनच्या ५० मायक्रॉन रुंद चकतीला वितळायला ०.०६ मिलिज्यूल लागतात, आणि अॅल्युमिनियम दहा टक्क्यांच्या आसपासच शोषतं, म्हणून ०.५ च्या पुढं-मागं शोधायला सुरुवात करायची. स्क्रीनवरची टक्केवारी आणि लेन्समधून खरी येणारी पॉवर एकसारखी नसते, जुन्या मशीनला तर अजिबात नसते, पॉवर मीटर कुणाकडून तरी मागून आणा.

ठिपके सुटे सुटे पडले पाहिजेत. वेग भागिले फ्रिक्वेन्सी म्हणजे दोन ठिपक्यांतलं अंतर, २००० मिमी प्रति सेकंद आणि २० किलोहर्ट्झ म्हणजे ०.१ मिमी. वेग कमी करून ठिपके एकावर एक चढवले तर फॉइल पोस्टाच्या तिकिटासारखी रेघेवरून फाटते. रेघेच्या दोन टोकांना बघा, तिथं बऱ्याचदा जळल्यासारखं काळं दिसतं, कारण आरसे वेग घ्यायच्या आधीच लेझर चालू झालेला असतो आणि चार-पाच पल्स एकाच जागी पडतात. सॉफ्टवेअरमध्ये लेझर ऑन डिले आणि ऑफ डिले जुळवून हे घालवा, आणि पहिली पल्स जादा तगडी येत असेल तर फर्स्ट पल्स सप्रेशन चालू करा. या एका गोष्टीने जितके सेल वाचतात तितके दुसऱ्या कशाने नाही.

सेटिंगचा तक्ता

तुटक्या सेलवर, त्याच फॉइलने आणि त्याच व्हॅक्यूमवर, चौकोनी तक्ता मारा. आडव्या दिशेला पॉवर २० टक्क्यांपासून ८० पर्यंत दहा-दहाने, उभ्या दिशेला टेबलची उंची, फोकसवर आणि फोकसच्या ०.३ मिमी वर-खाली. प्रत्येक घरात १० मिमीच्या पाच ओळी, ओळींत ०.२ मिमी अंतर, म्हणजे ५०० ठिपके, मारायला सेकंदाचा चाळिसावा भाग. मग एकेक घराची फॉइल चिमट्याने हळू मागे वळवून सोला आणि भिंगातून बघा.

फॉइल अलगद निघाली आणि खाली काही नाही: एनर्जी कमी, नाहीतर फट. वर खुणा तर दिसतात पण जोड नाही असं असेल तर जवळपास नेहमी फटच असते.

फॉइल ठिपक्याभोवती फाटली आणि सेलवर अॅल्युमिनियमचे बारीक गोल तुकडे चिकटून राहिले: हेच पाहिजे.

फॉइलबरोबर करडी पेस्टच उपटून आली: वेल्ड चांगला आहे, खालची पेस्ट कमजोर आहे. छापलेली पेस्ट सच्छिद्र असते, तिची ताकद वेल्डपेक्षा कमी, मग ठिपके जास्त जागेवर पसरवा, एनर्जी वाढवून काही मिळत नाही.

फॉइलला आरपार भोक, भोवती काळी काजळी: एनर्जी जादा. अशा जागी पेस्टखालचं सिलिकॉन पण दुखावलेलं असू शकतं.

ओढून बघायला स्प्रिंगचा काटा चालतो. तांब्याच्या रिबनला दर मिलिमीटर रुंदीला १ न्यूटन असा सर्वसाधारण दंडक आहे, तो फॉइलला तसाच लावू नका. १० मिमी रुंद आणि १२ मायक्रॉन जाड मऊ फॉइल स्वतःच १० न्यूटनच्या आसपास, म्हणजे एका किलोला तुटते. जोडाच्या आधी फॉइल तुटली तर पास.

जे घर चांगलं आलं त्याचं पॉवर, फ्रिक्वेन्सी, वेग, फोकस, फॉइलचं वजन आणि व्हॅक्यूम एका कागदावर लिहून मशीनला चिकटवा, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत, आपल्याकडे दिवसपाळीचा आणि रातपाळीचा ऑपरेटर एकच भाषा वाचेल असं नसतं.

जोड खरंच झाला का, मोजून बघा

नुसत्या मल्टिमीटरने मिलिओहम मोजता येत नाही, त्याच्या वायरींचाच रोध जास्त. चार वायरींची पद्धत घ्या: दोन वायरींतून ५ अँपिअर डीसी सोडा, वेगळ्या दोन पिनांनी एक फॉइलवर आणि एक पेस्टवर व्होल्टेज मोजा. ५ मिलिव्होल्ट आले तर रोध १ मिलिओहम. हा आकडा लहान वाटतो पण पूर्ण सेलमधून ९ अँपिअर जात असतील तर ०.०८ वॅट गेले, ६० सेलच्या मॉड्यूलला जवळपास ५ वॅट. शिंगल पट्टीला वीज पाचवा भागच, १.८ अँपिअर, आणि नुकसान वर्गाने कमी होतं, म्हणून तिथं तोच १ मिलिओहम फक्त ३ मिलिवॅट खातो. पट्ट्यांवर माझा जीव का आहे ते यावरून कळेल.

सेल आतून दुखावला का हे बघायला इलेक्ट्रोल्युमिनिसन्स, आणि ते लय महाग काम नव्हे. अंधाऱ्या खोलीत सेलला पॉवर सप्लायने पुढच्या दिशेने वीज द्या, सेल न दिसणारा उजेड टाकतो, ११५० नॅनोमीटरच्या आसपास. जुन्या डीएसएलआरचा आतला इन्फ्रारेड फिल्टर काढला की काही सेकंदांच्या एक्सपोजरला तो दिसतो. वेल्ड करण्याआधी एक फोटो, नंतर एक, एक्सपोजर अगदी तेच. दोन करंटवर काढा, एकदा पूर्ण आणि एकदा दहाव्या भागावर. पूर्ण करंटवर काळं पडलेलं म्हणजे जोड नीट नाही किंवा भेग आहे, कमी करंटवर वेल्डच्या ठिकाणी काळा डाग वाढला तर तिथं जंक्शनमधून वीज गळतेय, एनर्जी कमी करा.

पट्ट्यांची माळ

आधी प्रत्येक पट्टीच्या पाठीवर, पुढच्या बसबारच्या विरुद्ध कडेला, ८ मिमी रुंद आणि पट्टीइतकी लांब फॉइल वेल्ड करा. ५ मिमी पाठीवर आणि ३ मिमी बाहेर लोंबती. कडेपासून १ मिमी आत कुठलाच ठिपका नको, कड ही सगळ्यात नाजूक. एका लांब ओळीपेक्षा दर २० मिमीला एक असे गठ्ठे बरे, भेग पडलीच तर एका गठ्ठ्यापुरती राहते. पहिल्या पट्टीला फॉइल नको.

मग पट्ट्या सुलट करा. पहिली पट्टी प्लेटवर, बसबार उजव्या कडेला. दुसरी पट्टी तिच्या उजव्या कडेवर अर्धा मिलिमीटर चढवून अशी ठेवा की तिच्या पोटाखालून आलेली ३ मिमी फॉइल पहिलीच्या बसबारवर पसरेल. आता वरून बसबारच्या रेषेत वेल्ड. इथं दोन गोष्टी जपा. बसबार एक मिलिमीटरचा किंवा त्याहून बारीक असतो, ठिपका त्याच्या बाहेर गेला तर सरळ जंक्शनवर, म्हणून लाल पॉइंटरने पूर्ण रेघ आधी कोरडी चालवून बघा. आणि एनर्जी पाठीपेक्षा कमी ठेवा, कारण चांदीचा छाप पातळ आणि त्याखाली जंक्शन अर्ध्या मायक्रॉनवर, पाठीला होती तशी जाड पेस्टची गादी इथं नाही. चांदीसाठी वेगळा तक्ता मारायचा, पाठीचं सेटिंग इथं चालवायचं नाही. फॉइल ताणून बसवू नका, चढलेल्या कडेपाशी किंचित ढिली राहू द्या. काच उन्हात सिलिकॉनपेक्षा जास्त वाढते, चाचणीतल्या उणे ४० ते ८५ अंशांमध्ये ३० मिमीच्या पट्टीमागे ०.०२ मिमी आणि पूर्ण सेलमागे ०.१३ मिमी सरकते, उन्हात त्याहून कमी पण रोज दिवसा-रात्री, वर्षानुवर्षं, ताणलेली फॉइल त्यात थकून तुटते.

माळेच्या दोन टोकांना फॉइल वापरू नका. तिथं पुढच्या बसबारवर आणि मागच्या चांदीच्या पॅडवर तांब्याची रिबन नेहमीसारखी सोल्डर करा. तांबं आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि ओल आली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं, आणि खानापूर-बेळगावचा पाऊस माहीतच आहे.

१५६ बाय ३१ मिमीच्या दहा पट्ट्या घेतल्या तर साडेपाच व्होल्टच्या आसपास आणि पावणेदोन अँपिअर, म्हणजे साडेनऊ वॅटच्या जवळपासचं मॉड्यूल होतं.

लॅमिनेशन आणि नंतर

काच, इव्हीए (तापवल्यावर चिकटणारी प्लास्टिकची शीट), माळ, इव्हीए, बॅकशीट (मागचा प्लास्टिकचा पडदा) असा थर, १४५ ते १५० अंशाला व्हॅक्यूम लॅमिनेटरमध्ये. फॉइलखाली हवा अडकू नये म्हणून व्हॅक्यूमचा वेळ साध्या मॉड्यूलपेक्षा जरा जास्त द्या आणि दाब हळू चढवा. इव्हीएचं पाकीट पावसाळ्यात उघडं ठेवू नका, लागेल तेवढं काढून लगेच बंद, ओलसर इव्हीएला बुडबुडे येतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत लेझरच्या लेन्सवर पण सकाळी दमट थर बसतो, मशीन चालू करून थोडा वेळ तसंच ठेवा, लेन्स पुसा, मगच पहिला ठिपका. उद्यमबागेत शेजारी इंडक्शन फर्नेस असली तर व्होल्टेज नाचतं, लेझरला स्टॅबिलायझर आणि स्वतंत्र अर्थिंग द्या.

लॅमिनेशननंतर परत इलेक्ट्रोल्युमिनिसन्सचा फोटो काढा आणि आधीच्या शेजारी ठेवा. मग थर्मल सायकल. सोलर मॉड्यूलच्या चाचणीचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६१२१५, त्यात उणे ४० ते ८५ अंश अशा २०० फेऱ्या आहेत, आणि ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास. असा चेंबर कॉलेजच्या किंवा मोठ्या कंपनीच्या लॅबमध्ये मिळाला तर उत्तमच, नाहीतर डीप फ्रीजर आणि ओव्हन यांच्यात काही डझन फेऱ्या करून कच्चा अंदाज येतो, ते प्रमाणपत्र नव्हे. असं मॉड्यूल विकायला किंवा ग्रिडला जोडायला काढू नका, त्याला बीआयएसची नोंदणी आणि मान्य लॅबचा रिपोर्ट लागतो. दर काही फेऱ्यांनी दोन मापं घ्या, चार वायरींनी पूर्ण माळेचा रोध आणि अंधारातला फोटो. रोध एकदम उडी मारून वाढला तर एखादी फॉइल तुटली, तिथं ढिलाई कमी पडली. हळूहळू वाढत गेला तर ठिपके एकेक सुटतायत, मग पुढच्या माळेला गठ्ठे वाढवा आणि सगळ्यात आधी फिक्स्चरची प्लेट परत सपाट आहे का ते डायल लावून बघा.